दम लागतो म्हणूनच गायचं

माझ्या आजीने चार वर्षांपूर्वी भजन सोडलं. कुणाशी भांडण झालं नव्हतं, देवावरचा विश्वासही उडाला नव्हता. दम पुरेना. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात बायकांचं भजनी मंडळ आहे, दर एकादशीला देवळात बसतं. आजी त्यात तीसेक वर्षं टाळ घेऊन बसायची. आधी तिने अभंग सांगणं सोडलं, मग मागे म्हणणं सोडलं, मग नुसती टाळ वाजवायला जाऊ लागली. एका एकादशीला देवळाच्या पायऱ्यांवरूनच परत आली. घरात कुणी फारसं हळहळलं नाही. "वय झालं, आता आराम करा," असं आई म्हणाली. डॉक्टरही तेच म्हणाले होते. मी पुण्याहून फोनवर तेच म्हणाले, आणि वर यूट्यूबची एक लिंक पाठवली. श्वसनविकारांसाठी अमुक राग, चाळीस मिनिटं, डोळे मिटून ऐका.

आम्ही सगळेच चुकलो होतो. ही चूक आमच्या घरापुरती असती तर हा लेख लिहिला नसता. पण श्वासाचा जुनाट आजार झालेल्या माणसाला गप्प बसवायचं आणि मग त्याला गाणं ऐकवायचं, ही आपल्याकडची सर्वमान्य पद्धत आहे. माझं म्हणणं उलट आहे. त्याला गायला लावा. आणि ते विरंगुळा म्हणून कोपऱ्यात ढकलू नका. छातीच्या उपचारात त्याला जागा द्या, वेळ द्या, त्यावर पैसे खर्च करा.

आजीला सीओपीडी आहे. तिने आयुष्यात विडी ओढली नाही, तंबाखूची मिसरीसुद्धा लावली नाही. लग्न झाल्यापासून पन्नासच्या पुढेपर्यंत ती चुलीपुढे बसली, एवढंच तिचं व्यसन. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं होतं. सीओपीडी म्हणजे सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार ही समजूत अपुरी आहे. लाकूड, शेणी, काटक्या यांच्या धुरानेही तो होतो. २०१६ सालच्या अंदाजानुसार भारतात साडेपाच कोटी लोकांना हा आजार होता. म्हणजे ही एकट्या माझ्या आजीची गोष्ट नाही. तुमच्या घरातही खोकणारी एक आजी असेल आणि "तिला पहिल्यापासूनच दम्याचा त्रास आहे" असं तुम्ही पाहुण्यांना सांगत असाल.

या आजारात नेमकं काय होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. रोगी म्हणतो, "श्वास घेता येत नाही." खरी अडचण बहुतेक वेळा श्वास सोडण्यात असते. हवेच्या बारीक नळ्या अरुंद झालेल्या असतात, त्यांना बाहेरून ताणून उघडं ठेवणारं जाळं सैल पडलेलं असतं. त्यामुळे बाहेर जाणारी हवा वाटेतच अडकते. आधीचा श्वास पुरता बाहेर पडायच्या आत पुढचा आत येतो. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर रांग रिकामी होण्याआधीच नवीन मागण्या येत राहतात आणि सर्व्हर तुंबतो. छाती हवेने भरलेली, पडदा खाली दाबून चपटा झालेला, आणि तरी माणूस हवेसाठी तडफडतो. तडफडला की घाबरतो, घाबरला की भराभर श्वास घेतो, भराभर घेतला की आणखी हवा अडकते. मग तो जिना टाळतो, अंगण टाळतो, देऊळ टाळतो. न वापरलेले पायांचे स्नायू वाळत जातात आणि पुढच्या वेळी दहा पावलांतच दम लागतो. "आराम करा" हा सल्ला या चक्राला तेल घालतो.

छातीचे फिजिओथेरपिस्ट यावर काय शिकवतात? शिट्टी वाजवल्यासारखे ओठ मिटा आणि फुंकर घालत सावकाश श्वास सोडा. सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांब ठेवा. खांदे सैल सोडा, पोटाने श्वास घ्या. आता कुठल्याही गाण्याच्या क्लासमध्ये जाऊन बसा. खांदे उचलू नकोस, पोटातून श्वास घे, ओळ संपेपर्यंत हवा पुरवून वापर. गाणं म्हणजे शरीराच्या बाजूने पाहिलं तर चटकन आत घेतलेला आणि मग अरुंद फटीतून, मोजून-मापून, लांबवर सोडलेला श्वास. ही फट ओठांऐवजी स्वरतंतूंची असते, इतकाच फरक. गवयांच्या भाषेत याला फार जुना शब्द आहे: दमसास. दमा आणि दमसास हे शब्द मराठीत शेजारी शेजारी राहतात, पण त्यांची गाठ घालून द्यावी असं कुणाला सुचलं नाही.

भजनाची रचना तर या कामासाठी मुद्दाम केली असावी इतकी सोयीची आहे. एकीने ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती म्हणायची. सांगणारी गाते तेव्हा म्हणणाऱ्यांना विसावा, म्हणणाऱ्या गातात तेव्हा सांगणारीला. थोडा व्यायाम, थोडी विश्रांती, पुन्हा थोडा व्यायाम. धृपद फिरून फिरून येतं, त्यामुळे एखाद्या ओळीला दम पुरला नाही तर पुढच्या वेळी पकडता येतं. कुणाला कळतही नाही.

"हे सगळं ठीक, पण पुरावा काय?" हा प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग झाला. सीओपीडीच्या एका गटाला आठ आठवडे गाणं शिकवलं. दुसऱ्या गटाला तेवढाच काळ एकत्र बसवून सिनेमे दाखवले, म्हणजे नुसत्या सोबतीने बरं वाटतं की गाण्याने, हे वेगळं काढता यावं. मजा दोन्ही गटांना आली. पण शारीरिक स्वास्थ्याच्या प्रश्नावलीत सुधारणा दिसली ती गाणाऱ्यांत. चालण्याची क्षमता मात्र वाढली नाही. २०१७ साली कॉक्रेनने तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा हाती फक्त तीन प्रयोग आणि ११२ माणसं लागली, आणि पुरावा कच्चा आहे असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. मग २०२२ साली डेन्मार्कमधून मोठा प्रयोग आला. २७० रुग्ण, दहा आठवडे. निम्म्यांना पुनर्वसनातला नेहमीचा व्यायाम, निम्म्यांना त्या व्यायामाच्या जागी गाणं. शेवटी सहा मिनिटांत कोण किती चालतं ते मोजलं. दोन्ही गटांची सुधारणा जवळजवळ सारखी, सरासरी बारा-तेरा मीटर. फार मोठा आकडा नाही हा. पण ट्रेडमिल आणि डंबेल्सच्या बरोबरीने गाणं उभं राहिलं.

त्याच वर्षी इंग्लिश नॅशनल ऑपेरा आणि लंडनचं इम्पीरियल कॉलेज यांनी मिळून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. कोविडनंतर महिनोन्‌महिने धाप लागत राहिलेल्या १५० लोकांवर तो झाला होता. सहा आठवडे ऑनलाइन वर्ग, आणि शिकवायला घेतलेली गाणी कुठली, तर अंगाई. मानसिक स्वास्थ्य सुधारलं, धापेचा काही प्रकारचा त्रास कमी झाला. शारीरिक स्वास्थ्याच्या गुणांत ठळक फरक नव्हता. मला हा प्रयोग आवडतो तो त्यातल्या प्रामाणिकपणामुळे. काय झालं ते सांगितलं, काय झालं नाही तेही सांगितलं.

तेव्हा दावा नीट मांडते. गाण्याने नष्ट झालेलं फुप्फुस परत येत नाही. गाणाऱ्याचा पंप सुटत नाही. होतं ते असं: माणूस श्वास सोडायला शिकतो, धापेची भीती कमी होते, आणि आठवड्यातून एकदा तरी तो घराबाहेर पडतो. ज्याने जिना चढणं सोडलं आहे त्याच्यासाठी हे थोडं नाही.

आता ज्यांच्याशी माझं भांडण आहे त्यांच्याकडे वळते.

पहिलं भांडण राग-चिकित्सेच्या बाजाराशी. अमुक राग रक्तदाबावर, तमुक मधुमेहावर, हा दम्यावर, तो निद्रानाशावर. तक्ते छापलेले आहेत, कार्यशाळा होतात, ध्वनिमुद्रणं विकली जातात. यमन ऐकून मन शांत होत असेल तर जरूर ऐका, मीही ऐकते. पण ऐकणाऱ्याच्या फुप्फुसातली अडकलेली हवा यमनमुळे बाहेर पडत नाही. त्यासाठी त्याने स्वतः तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं तर राग कुठला आहे याने श्वासाला फारसा फरक पडत नाही. ओळ केवढी लांब आहे, लय काय आहे, थांबायला जागा कुठे आहे, याने पडतो. हा बाजार रोग्याला पुन्हा श्रोता करून ठेवतो. तो आधीच खाटेवर पडून आहे, आता कानात इयरफोन घालून पडून राहील. आणि यातलेच काही जण हळूच कानात सांगतात की पंपाची सवय लागते, तो सोडा. हे सांगणाऱ्याला मी संगीतप्रेमी म्हणणार नाही. तो माणसाच्या जिवाशी खेळतो.

दुसरं भांडण माझ्या स्वतःच्या धंद्याशी. दोन वर्षांपूर्वी मी एका कंपनीत श्वासाच्या व्यायामाच्या अ‍ॅपवर काम करत होते. पडद्यावर एक निळा गोळा. फुगला की श्वास घ्या, आकसला की सोडा. चार सेकंद आत, दोन सेकंद रोखा, सहा सेकंद बाहेर. सलग सात दिवस केलं तर बिल्ला. हे आकडे कुणासाठी ठरवले होते? आमच्यासारख्या धडधाकट, ऑफिसात वैतागलेल्या पंचविशीतल्या लोकांसाठी. आणि आम्ही ते 'श्वसनविकार' या विभागातही तसेच टाकले. दिवाळीला घरी गेले तेव्हा मोठ्या कौतुकाने आजीच्या हातात फोन दिला. तिने तीन-चार वेळा प्रयत्न केला, मग फोन पालथा ठेवला. "आगं, ह्यो फुगा मला दटावतोय. माझा सुटायच्या आत ह्याचा सुरू." तिचा श्वास संपायच्या आत गोळा पुन्हा फुगायला लागत होता. जो आजार हवा अडकल्याने होतो त्या आजाराला आम्ही हवा अडकवणारं घड्याळ लावलं होतं. ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा ते पुढच्या आवृत्तीच्या यादीत गेलं. मी नोकरी सोडेपर्यंत ते यादीतच होतं.

अ‍ॅपमध्ये नसलेली एक गोष्ट गाण्यात असते: ओळीचा अर्थ. माणूस श्वास मोजत नाही, ओळ पुरी करायला बघतो. श्वासाकडे लक्ष दिलं की घाबरायला होतं, हे धाप लागणाऱ्या कुणालाही विचारा. गाताना लक्ष शब्दांवर असतं, शेजारणीच्या आवाजावर असतं, आणि श्वास मागच्या दाराने लांबतो.

तिसरं भांडण रुग्णालयांशी. फुप्फुसाच्या पुनर्वसनाचा फायदा होतो हे आता वादातीत आहे. कॉक्रेनच्या २०१५ सालच्या आढाव्यात ६५ प्रयोग होते. निष्कर्ष इतका स्पष्ट होता की व्यायाम विरुद्ध नुसते नेहमीचे उपचार अशी तुलना करणाऱ्या आणखी प्रयोगांची गरज उरलेली नाही, असं म्हटलं गेलं. तरी आपल्याकडे छातीच्या ओपीडीतून बाहेर पडणाऱ्या बाईच्या हातात काय असतं? पंपाची चिठ्ठी, आणि तो कसा ओढायचा हे दाखवायलाही वेळ नसलेला कंपाउंडर. आजीला तीन डॉक्टरांनी तपासलं. पुनर्वसन हा शब्द एकानेही उच्चारला नाही. "गाण्याचा पुरावा अपुरा आहे" असं मला ऐकवणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की ज्याचा पुरावा भरपूर आहे ते तरी तुम्ही कुठे देता?

"मग भजनी मंडळं आहेतच की, तिकडे पाठवू," असं कुणी म्हणेल. हा मला सगळ्यात धोकादायक युक्तिवाद वाटतो, कारण तो माझ्याच बाजूने बोलतोय असं वाटतं. भजनी मंडळ आजारी माणसासाठी बनलेलं नाही. तिथे दोन तास मांडी घालून बसायचं असतं, आणि पोट दुमडून बसलं की पडद्याला हलायला जागा उरत नाही. लय चढत जाते. गाभाऱ्यात उदबत्ती आणि धूप. धुराने फुप्फुसं गेलेल्या बाईला आपण पुन्हा धुरात नेऊन बसवतो. शिवाय अभंग सगळ्यांचे असले तरी देऊळ सगळ्यांचं नाही. चुलीच्या धुराने जात-धर्म पाहिलेला नाही. ज्यांची सवय भीमगीतांची आहे त्यांना भीमगीतं हवीत, कुणाला कव्वाली, कुणाला लावणी, कुणाला लता-रफीची गाणी. 'आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं' या वाक्याने तर अंगावर काटा येतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. ओवी गाणाऱ्या बायकांचा दमसास काय असेल! पण दळण झालं की त्याच बायका चुलीपुढे जाऊन बसत. परंपरेने त्यांना ओवी दिली आणि धूरही दिला. दोन्हींचा हिशेब एकदम मांडायचा.

सूर हाही एक अडथळा आहे. "मला गळा नाही" असं आपल्याकडे निम्मी माणसं सांगतात, कारण शाळेत कुणीतरी त्यांना मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलेलं असतं. गाणं ज्याला येतं त्यानेच गावं, बाकीच्यांनी माना डोलवाव्यात, असा आपल्या अभिजाततेचा दरारा आहे. धाप लागणाऱ्या माणसाचा स्वर कापणार, ओळ मध्येच तुटणार. तिथे नाक मुरडणारा गुरुजी नको. पण ज्याला गाण्यातलं काही कळत नाही असा व्यायामशिक्षकही नको. लोक गातात ते गाण्याच्या ओढीने. ती ओढ काढून टाकली की उरतो तो पुन्हा निळा गोळा.

जपून करायच्या गोष्टीही आहेत. खोकल्यातून रक्त पडत असेल, क्षयाचा संसर्ग चालू असेल, आजार एकदम उसळला असेल, तर गाणं थांबवायचं. बंद खोलीतलं समूहगान काय करू शकतं हे मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात दिसलं. स्कॅजिट काउंटीतल्या एका गायनवृंदाच्या तालमीला ६१ जण होते, त्यांतले ५३ आजारी पडले, दोघं दगावले. म्हणून खिडक्या उघड्या हव्यात, जमेल तेव्हा अंगणच बरं. फुंकून वाजवायची वाद्यं स्वच्छ ठेवायची. बॅगपाइपच्या आत वाढलेल्या बुरशीने फुप्फुसं निकामी होऊन एक वादक दगावल्याची नोंद २०१६ साली वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. म्हणजे संगीतही हवेतून येतं आणि त्याला हवेचे नियम लागू असतात. हे धोके सांगितल्याने माझी बाजू लंगडी होत नाही. ज्याला मात्रा आणि पथ्य आहे त्यालाच उपचार म्हणतात.

मागणी साधी आहे. छातीचा विभाग असलेल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात आठवड्यातून दोनदा, एक तास, एक हवेशीर खोली. बसायला खुर्च्या. एक फिजिओथेरपिस्ट आणि एक गाणारा माणूस, दोघांनी एकमेकांचं काम थोडं थोडं शिकलेलं. गाणाऱ्याला मानधन. सेवा म्हणून फुकटात राबवायचं नाही, कारण फुकट काम दोन महिन्यांत बंद पडतं. गाणी रुग्णांनी निवडायची. सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी सहा मिनिटांचं चालणं मोजायचं, आणि आकडे वाईट आले तरी जाहीर करायचे. पंप, लस, व्यायाम आणि स्वयंपाकाचा गॅस यांच्या सोबत हे द्यायचं, यांच्या ऐवजी नाही. सिलिंडर परवडत नाही म्हणून पुन्हा चूल पेटवणाऱ्या घराला गाण्याचा वर्ग देऊन मोकळं होणं ही क्रूर थट्टा ठरेल.

आमच्या घरी यातलं काहीच नव्हतं. मी एवढंच केलं की पुण्यातल्या एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर आजीशी बोलायला लावलं, आणि मंडळाच्या दोन बायकांना गुरुवारी दुपारी आमच्या अंगणात बोलावलं. आजी खुर्चीवर बसते. पंप आधी ओढून घेते. संथ चालीचे अभंग, ओळ अर्धी करून म्हटली तरी चालते, उदबत्ती नाही. पहिल्या दिवशी तिने दोन ओळी म्हटल्या आणि वीस मिनिटं गप्प बसली. आता ती पाऊण तास बसते, मधून मधून म्हणते, मधून मधून ऐकते. तिच्या तपासणीच्या आकड्यांत काही फरक नाही, गेल्या हिवाळ्यात तिला पाच दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. गाण्याने ते टळलं नाही.

पण धाप लागली की पूर्वी ती माझ्या आईचा हात घट्ट धरायची आणि तिचे डोळे मोठे व्हायचे. आता ओठ मिटून सावकाश सोडते आणि हाताने खुणावते, थांब जरा. मागच्या एकादशीला ती देवळाच्या पायऱ्या चढली. तीन पायऱ्या, एक विसावा, पुन्हा तीन. मंडळातल्या बायकांनी तिच्यासाठी दाराजवळ, धुरापासून लांब, खुर्ची ठेवली होती. कुणी सांगायला जाण्याआधीच.

देवळातल्या बायकांना जे एका दुपारीत कळलं, ते आपल्या आरोग्यव्यवस्थेला कळायला किती वर्षं लागावीत?